तेवीस तारे आणि त्यांचे आकाश

अपुऱ्या कलाकृतींविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या बहुधा लेखणीतून उतरलेल्या असतात. सुईदोऱ्यातून उतरलेल्या एका अपुऱ्या कृतीने गेले वर्षभर माझी काही मते उलटीपालटी केली, म्हणून तिच्याविषयी लिहितो.

माझी भाची अमेरिकेतील ओहायो राज्यात राहते. तिकडे घरातले म्हातारे माणूस गेले की त्याचे सामानसुमान पुष्कळदा त्याच घरी विक्रीला मांडतात. अशा एका विक्रीत तिला पत्र्याचा एक डबा मिळाला. आत कापडाचे २३ तारे होते, एकमेकांना न जोडलेले. प्रत्येक ताऱ्यात आठ तुकडे, आपल्या शंकरपाळ्याच्या आकाराचे. या ताऱ्याला तिकडे ‘लेमॉयन स्टार’ म्हणतात. बोलता बोलता त्याचाच ‘लेमन स्टार’ही झाला आहे. तपकिरी, गुलाबी, निळी, बारीक छापाची चिटे. त्यांवरून हे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे असावे असे जाणकारांनी तिला सांगितले. करणारणीचे नाव कोठेच नाही. भाचीने छायाचित्रे पाठवून विचारले, “मामा, याचा क्विल्ट पुरा करायचा आहे. नवी रचना सुचवा ना.”

मी तत्काळ सुचवली. टीकाकाराला सूचना करायला कधी वेळ लागत नाही! करड्या कापडाचा विस्तीर्ण पट घ्यावा, सगळे तारे एका कोपऱ्यात दाटीने बसवावेत आणि उरलेली जागा रिकामी सोडावी, असे मी लिहिले. ही कल्पना कोठून आली हे आता ध्यानात येते. १९७१ साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातले जुने क्विल्ट एखाद्या अमूर्त चित्राप्रमाणे भिंतीवर टांगले गेले. त्या भिंतीने त्यांना प्रतिष्ठा दिली, हे खरे. पण पाहणाऱ्याला पलंग विसरण्याची खोडही लावली. माझी रचना भिंतीसाठीच होती. भाचीचे उत्तर आले : “यात २३ ताऱ्यांच्या जागी ३० असते, किंवा कालच शिवलेले असते, तरी काय बिघडले असते?” मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

दुसरी वाट तिकडच्या दुकानांतच तयार आहे. जुन्या छापांच्या हुबेहूब प्रती आज विकत मिळतात. आणखी दोन तारे शिवले की २५ होतात, पाचांच्या पाच ओळी जमतात आणि जोड कोठला ते ओळखू येत नाही. ओळखू न येणे हाच या वाटेचा दोष. ज्ञानेश्वरीत घुसलेल्या ओव्या निवडून काढायला १५८४ साली एकनाथांना बसावे लागले. आपण जाणूनबुजून तसे काम कोणासाठी का वाढवून ठेवावे?

वाचक म्हणतील, गोधडीला एवढी सोवळेओवळे कशाला? आपल्या घरी जुनी गोधडी विरली की ती नव्या गोधडीच्या पोटात जाते. आत कोणाचा धावदोरा आहे हे कोणी विचारीत नाही. खरे आहे. पण तेथे जुने आत जाते, आणि येथे जुनेच वर दिसायचे आहे. प्रश्न उद्भवतो तो यामुळे.

मग मी तारे नीट पाहू लागलो. आधी पाहायला हवे होते. आठ कोन ४५ अंशांचे असले तरच ३६० पुरे होतात. प्रत्येक तुकड्यात एक अंश चुकला तर मध्यभागी आठ अंशांचा घोळ होतो : कापड फुगते तरी, नाही तर ताणले जाते. या बाईचे बरेच तारे फुगलेले आहेत. लहानात लहान तारा पावणेनऊ इंचांचा, मोठ्यात मोठा साडेनऊचा. पाच ताऱ्यांतले तपकिरी कापड झिरझिरीत झाले आहे. त्या काळच्या तपकिरी रंगात लोखंडाचा अंश असे, आणि तो कालांतराने सूत खातो. एका ताऱ्यात सात तुकडे एका छापाचे आणि आठवा भलत्याच. कापड संपले असणार. मला सगळ्यांत आवडतो तो हा तारा, कारण शिवणारीचा नाइलाज येथे उघड्यावर आला आहे.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल अशा लयी सांगितल्या. त्या नुसत्या ताऱ्यांत शोधून मी थकलो. सुट्या ताऱ्यांत लय कशी सापडणार? ती दोन ताऱ्यांमधल्या जागेत ठरायची, आणि ती जागा बाईंनी शिवलेलीच नव्हती. तरीही ती सर्वस्वी मोकळी नव्हती. अशा ताऱ्याचा चौकोन करायला त्याच्या खाचांत चार लहान चौकोन आणि चार त्रिकोण बसवावे लागतात. त्या चौकोनाची बाजू शंकरपाळ्याच्या बाजूइतकीच असावी लागते. म्हणजे आकाशाचे माप ताऱ्यांनी आधीच देऊन ठेवले होते.

भाचीने शेवटी केले ते असे. पार्श्वभूमीला न रंगवलेले मांजरपाट घेतले. प्रत्येक तारा त्याच्या स्वतःच्या मापाने चौकोनात बसवला, फुगवटा छाटला नाही. मग भोवती त्याच कापडाच्या पट्ट्या लावून सगळे चौकोन बारा इंचांचे केले. त्यामुळे लहान ताऱ्याला आकाश अधिक मिळाले, मोठ्याला कमी. पाच बाय पाचच्या मांडणीत दोन घरे उरली. ती खालच्या ओळीच्या शेवटी रिकामी ठेवून त्यांत ताऱ्याची आकृती नुसत्या टाक्यांनी काढली. दुरून तेथे काही दिसत नाही. बोट फिरवले की लागते. विरलेल्या तुकड्यांवर तलम जाळी टाचली, नवे कापड लावले नाही. यातली एकही गोष्ट मी सुचवलेली नव्हती. माझ्या करड्या पटापेक्षा ही रचना कितीतरी सरस आहे, कारण २३ हा आकडा आणि पाऊण इंचाची तफावत वगळली तर ती उभीच राहत नाही.

एका बाबतीत मात्र आमचे जमले नाही. चारी बाजूंना तिने गडद निळा रुंद काठ लावला आहे. मांजरपाटाच्या उजेडापुढे तो जड होतो, चित्राच्या चौकटीसारखा दिसतो. म्हणजे मी सोडलेली भिंत तिने मागच्या दाराने आत आणली, असे मी कळवले. तिचे म्हणणे, पांघरूण आधी कडेला मळते आणि कडेलाच झिजते, म्हणून काठ गडद. मी तिला पुन्हा लिहिले आहे की निळा ठेव, पण निम्म्याने अरुंद कर. काठ उसवायला ती तयार नाही.