नगारखाना, घंटाघर आणि थांबलेली रचना

तुकोबांची पालखी उंडवडी गवळ्याचीहून बारामतीकडे निघते, तेव्हा सोहळ्याच्या अगदी पुढे चौघड्याची गाडी असते. बैलजोडी ओढत असलेल्या त्या गाडीवर नगारा असतो आणि त्याच्या आवाजावर पुढच्या वस्तीतली माणसं रस्त्याला येऊन उभी राहतात. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीचं गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. नीरा ओलांडेपर्यंत दोन तालुक्यांच्या रस्त्याने हा नगारा पुढे असतो आणि बाकी सगळं त्याच्या मागून येतं. अश्वांबद्दल, पायघड्यांबद्दल, मुक्कामांबद्दल दरवर्षी भरभरून लिहिलं जातं. नगाऱ्यावर काय वाजतं, याची चर्चा मात्र होत नाही, कारण संगीत म्हणून तो आता ऐकलाच जात नाही. तो इशारा झाला आहे. पालखी आली, आरती झाली, निघायची वेळ झाली, एवढंच त्याने सांगायचं.

माझ्या मते ही एका मोठ्या कलेची उरलेली शिल्लक आहे. ही कला वाजवणारे कमी झाले म्हणून खचलीच. पण त्याहून जास्त खचली ती तिच्यासाठी नवं रचणारं कुणी राहिलं नाही म्हणून.

उंचावर बसून अख्ख्या गावासाठी वाजवायचं संगीत, ही ती कला. इथला श्रोता ऐकायला म्हणून आलेलाच नसतो. तो भाजी घेत असतो, पाणी भरत असतो, शेतातून परतत असतो. वादक त्याला दिसत नाही. वाजवण्याची वेळ ठरलेली असते आणि ती वेळ हाच रचनेचा विषय असतो. या संगीताच्या दोन थोर परंपरा मला एकमेकींच्या बहिणी वाटतात. एक आपली नौबत, म्हणजे नगारखान्यातला सनई-चौघडा. दुसरी बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या मनोऱ्यांतली कॅरिलॉन.

कॅरिलॉन म्हणजे स्वरात लावलेल्या किमान २३ काशाच्या घंटांचा संच. घंटा जागच्या हलत नाहीत. खाली लाकडी दांड्यांची पट्टी असते. वादक मुठीने त्या दांड्या आणि पायाने खालच्या पट्ट्या दाबतो आणि तारांनी जोडलेले लोळे आतून घंटेवर आदळतात. मूठ हलकी पडली तर घंटा हलकी बोलते, जोरात पडली तर अख्खं शहर भरतं. एकदा वाजलेली घंटा मात्र थांबवता येत नाही. तिचा नाद आपल्या वेळेनेच विरतो. त्यामुळे खालच्या जड घंटांना मोजकेच स्वर द्यायचे आणि चपळ काम वरच्या लहान घंटांवर सोपवायचं, हा इथल्या रचनेचा पहिला धडा. १६४४ साली झुट्फेन गावात हेमोनी बंधूंनी नीट स्वरात लावलेला पहिला संच बसवला. घंटेच्या आतले स्वर ओळखून ती कशी घासायची याचं ज्ञान त्यांना उट्रेख्टच्या याकोब फान आयक या अंध वादकाकडून मिळालं होतं.

आता आपल्या बाजूला येऊ. अबुल फझलने ‘आइने अकबरी’त नगारखान्याचा सगळा सरंजाम नोंदवला आहे: नगाऱ्यांच्या जोड्या, कर्णे, सुर्ण्या, शिंगं, झांजा. पुढे तो वादनाचा क्रमही देतो: आधी काय, मग काय, लय कुठे चढवायची, कुठे उतरवायची. अकबराने स्वतः दोनशेवर चाली बांधल्याचं तो सांगतो. त्यातला दरबारी स्तुतीचा भाग वजा केला तरी एक गोष्ट पक्की उरते. नगारखान्यात नुसते ठोके पडत नव्हते. तिथे बांधलेल्या, नावं असलेल्या रचना क्रमाने वाजत होत्या.

ही रीत मराठी मुलखात आली आणि मुरली. रायगडावर नगारखाना आहे, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर आहे. जेजुरीच्या गडावर आहे, आणि जेजुरीजवळून वाहणारी कऱ्हाच पुढे मोरगावावरून बारामतीत येते. भीमेकाठच्या सिद्धटेकला हरिपंत फडक्यांनी नगारखाना बांधला. म्हणजे कऱ्हा, नीरा आणि भीमा यांच्या या पट्ट्यात पहाटे, माध्यान्हीला, दिवेलागणीला आणि शेजारतीला सनई-चौघडा कानी पडणं ही ऐषाराम नव्हे, नित्याची गोष्ट होती. पहाटे भैरव-तोडीच्या अंगाने, दुपारी सारंग, संध्याकाळी पूरिया-मारव्याची छाया, रात्री बिहाग असा दिवस सुरांनी विभागला जाई.

इथेच दोन परंपरांची वाट वेगळी झाली. लूव्हेन शहराने १७४५ मध्ये मातियास फान डेन खेन याला शहराचा वादक नेमलं. त्याचे अकरा प्रिल्यूड आजही मनोऱ्यांमध्ये वाजतात, कारण ते कागदावर उतरले. त्याच शतकात शनिवारवाड्याच्या दरवाज्यावरही रोज वाजत होतं. पण आपल्याकडे रचना घराण्याच्या हातात आणि कानात राही, लिहून ठेवण्याची चाल नव्हती. घराणं चालू होतं तोवर याने काही बिघडलं नाही. घराण्याने धंदा बदलला, त्या दिवशी रचना गेली.

धंदा का बदलला, हे सांगितल्याशिवाय या कलेची समीक्षा अप्रामाणिक ठरेल. वाजवणारे होते गुरव, घडशी, होलार. देवळाच्या इनामावर, बलुत्यावर आणि लग्नसराईवर त्यांचं पोट चाले. ज्यांच्या सुराशिवाय मंगलकार्य सुरू होत नसे, त्यांना मांडवात मानाची जागा नव्हती. त्यांनी बाहेर बसून वाजवायचं आणि पंगत उठल्यावर जेवायचं. बलुतं गेलं, शिक्षणाची वाट खुली झाली, आणि नव्या पिढीने सनई खाली ठेवली. त्यांनी ठेवली ते योग्यच केलं. परंपरा टिकवण्याची जबाबदारी ज्यांना परंपरेने अपमानच दिला त्यांच्यावरच टाकणं हा अन्याय आहे. जे वाजवत राहिले त्यांच्यातले पुष्कळ जण बँडमध्ये, बँजो पार्टीत गेले, आणि त्यांच्याही डोक्यावर आता डॉल्बीच्या भिंती उभ्या आहेत. गावाला वेळ सांगण्याचं जे काम नगारखाना करायचा, ते या भागात साखर कारखान्याच्या भोंग्याने कधीच उचललं. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांच्या आसपास वाढलेल्या पिढ्यांचा दिवस पाळीच्या भोंग्याने मोजला गेला.

सनई मात्र वाचली, आणि दिमाखात वाचली. बिस्मिल्ला खाँनी तिला काशीच्या बालाजी मंदिरातून मैफलीत आणलं. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी तिच्यावर रागविस्तार केला. इंदापूरच्या शेजारच्या सोलापुरात सिद्राम जाधवांनी सनईची धाकटी बहीण असलेल्या सुंदरीला ख्यालाची बैठक दिली. आकाशवाणीच्या सकाळी तिच्या मंगलध्वनीने उजाडू लागल्या. हा लाभ फार मोठा, पण त्याची किंमत कुणी मोजली नाही. मंचावर आल्यावर सनईची साथ तबला-दुक्कडाकडे गेली आणि नगारा देवळातच मागे राहिला, एकटा. सनईला नवे राग, नव्या बंदिशी, नवे श्रोते मिळाले. नगाऱ्याला मिळाली मोटर.

विजेवर चालणारं नगारा-झांज-घंटेचं यंत्र आता गावोगावच्या देवळांत आहे. आरती सुरू झाली की बटण दाबायचं. लय एकच, जोर एकच, काकड आरतीला आणि शेजारतीला ठेकाही एकच. आरती म्हणणाऱ्यांना या यंत्राच्या मागे धावावं लागतं. माणूस वाजवत होता तेव्हा तो आरतीच्या मागे जात असे. या यंत्राविरुद्ध बोललं की लोक म्हणतात, माणूस मिळत नाही, मग काय करायचं? प्रश्न रास्त आहे. पण माझी हरकत यंत्राला नाही.

युरोपातल्या मनोऱ्यांत यंत्र फार जुनं आहे. मोठा धातूचा पिंप फिरतो, त्यावरच्या खुंट्या तारा ओढतात आणि घंटा आपोआप वाजतात. पण त्या खुंट्या काढून पुन्हा लावता येत. शहराचा वादक ऋतू बदलला, सण आला की नव्या धुना बसवी, आणि ते रचनाकाराचं काम मानलं जाई. असंच यंत्र घेऊन मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून, गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्यावर उभा राहिलेला हा २८० फुटांचा मनोरा पूर्वी सोळा धुना वाजवायचा आणि दिवसातून चार वेळा धून बदलायची. त्या धुना इंग्रजांच्या होत्या: राजाची, आरमाराची, घरच्या ओढीची. आज पाव तासाला एकच धून वाजते. २०१५ मध्ये टॉवरचा जीर्णोद्धार पुरा झाला, दगड आणि रंगीत काचा उजळल्या. हे काम मनापासून चांगलं झालं. पण त्या सोळा जागांवर भूपाळी का बसली नाही, अभंगाची चाल का बसली नाही? मुंबईसारख्या शहरात, जिथे वसंत देसाई आणि श्रीनिवास खळे काम करत होते, तिथे घंटांसाठी एक मराठी रचना मागून घेणं अशक्य नव्हतं.

घंटा आपल्याकडे कमी नाहीत. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. वाईजवळच्या मेणवलीला १७०७ सालची आहे, नाशिकला नारोशंकराची १७२१ सालची आहे, भीमाशंकरला आहे. विजयचिन्ह म्हणून एकेका देवाला एकेक वाहिली गेली, त्यामुळे त्यांचा सप्तक म्हणून विचार झाला नाही. तो करायचा म्हटलं तर आपल्या संगीताला घंटा पेलेल का?

मला हा प्रश्न फार ओढतो. नीट लावलेल्या पाश्चात्त्य घंटेच्या नादात मूळ स्वराबरोबर त्याचा कोमल गंधार ठळक ऐकू येतो. प्रत्येक घंटेत ऐकू येतो. षड्जाची घंटा वाजवून तिच्यावर शुद्ध गंधाराची वाजवली की दोन गंधार एकमेकांवर आदळतात. भूपात षड्ज आणि पंचम या दोन्ही घंटा रागाबाहेरचे कोमल स्वर सांडत राहतील, म्हणजे भूपाळी घंटांवर अवघडच. उलट भीमपलासीत षड्जातून येणारा कोमल गंधार आणि पंचमातून येणारा कोमल निषाद हे दोन्ही रागाचेच. तोडीत तर नवल आहे. कोमल गंधाराच्या घंटेतून तीव्र मध्यम ऐकू येतो आणि कोमल धैवताच्या घंटेतून शुद्ध निषाद. रागाचे पुढचे स्वर आधीच्या घंटेत वाट पाहत असतात. अडचण आहेच: तोडीचा गंधार जितका उतरतो तितका घंटेचा उतरत नाही, आणि मींड तर घंटेवर नाहीच. पण जलतरंगाने आणि संतूरनेही अशीच अडचण सोसून आपली वाट काढली. अमेरिकेतल्या रचनाकारांनी १९५० च्या दशकात घंटेतला हा कोमल गंधार ओळखून मुद्दाम असं सप्तक निवडलं, ज्यात एक आड एक पूर्ण आणि अर्धं अंतर येतं. मग प्रत्येक घंटेचा अंतर्गत गंधार सप्तकातच सापडतो. वाद्याचा स्वभाव ओळखून लिहिणं म्हणजे काय, ते यात दिसतं.

आणि ही समज आपोआप आलेली नाही. बेल्जियमच्या मेशेलेनमध्ये वादक येफ डेनाइनने १८९२ मध्ये उन्हाळ्यात दर सोमवारी संध्याकाळी जाहीर वादन सुरू केलं आणि १९२२ मध्ये तिथे कॅरिलॉनची शाळा निघाली. तिथे वादनाबरोबर रचना शिकवली जाते. शहरं वादकाला पगार देतात. २०१४ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या या कामाला जतनाच्या उत्तम पद्धतींच्या यादीत घेतलं. गौरव झाला तो घंटांचा नव्हे, तर त्या शिकवण्याच्या आणि सांभाळण्याच्या रीतीचा. अमेरिकेत कर्ण्यांतून घंटेचा आवाज काढणारी विजेची यंत्रं खपू लागली तेव्हा तिथल्या वादकांच्या संघटनेने त्यांना कॅरिलॉन म्हणायला साफ नकार दिला. आपल्याकडे असा नकार द्यायला कुणी संघटित नाही.

बारामती-इंदापुरात काय करता येईल, ते अवघड नाही. या गावांत पैसा आहे, संस्था आहेत. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, विद्या प्रतिष्ठान, कारखान्यांची शाळा-महाविद्यालयं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र दोन तासांवर आहे. मोरगाव आणि नीरा नरसिंहपूर या दोन मोठ्या क्षेत्रांनी प्रत्येकी एक सनईवाला आणि एक नगारची पगारावर नेमावा. जातीवर नव्हे, कसबावर. बाहेरच्या ओट्यावर बसवून नव्हे, देवस्थानचा कर्मचारी म्हणून. जे जुने वादक या भागात आहेत त्यांच्याकडून प्रहरांचे बाज आणि नगाऱ्याचे बोल ध्वनिमुद्रित करावेत आणि लिहूनही घ्यावेत. विजेचं यंत्र ज्यांना ठेवायचंच आहे त्यांनी निदान पाच आरत्यांसाठी पाच ठेके भरता येतील असं बनवून घ्यावं. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्सला हे मुळीच जड नाही.

पण यातलं सगळं केलं आणि नवं लिहून घेतलं नाही, तर पुन्हा संग्रहालयच उभं राहील. म्हणून सुरुवात बेलवाडीपासून व्हावी असं मला वाटतं. गोल रिंगणाला स्वतःचा आकार आहे: दिंड्या जागा घेतात, पताकावाले धावतात, मग अश्व सुटतो, आणि शेवटी उडीचे खेळ. नगारा, दोन सनया, अखंड स्वर धरणारा एक सूर आणि झांज यांच्यासाठी वीस मिनिटांची चार भागांची रचना याच्यावर बेतता येईल. विलंबितात सारंगाने आरंभ, टाळांच्या ठेक्याला जागा देणारा दुसरा भाग, अश्वाच्या धावेला नगाऱ्याची एकट्याची दुगुण-चौगुण, आणि खेळ सुरू होताच वादकांनी हात आखडून दिंड्यांच्या मृदंगांच्या हाती लय सोपवणं. एखाद्या जाणत्या रचनाकाराला हे काम रीतसर मानधन देऊन सांगावं, वर्षभर आधी. आणि सोहळ्याच्या पत्रिकेत अश्वांच्या आणि बैलजोडीच्या मानकऱ्यांच्या ओळीतच त्याचं नाव आणि वादकांची नावं छापावीत.