ओळख की वर्गवारी? लेझर-वर्णपटाने होणाऱ्या जंतुनिदानाचे परीक्षण

जंतूची ओळख पटविण्याची रूढ पद्धती विश्वसनीय असली तरी मंद आहे. रुग्णाच्या रक्तातील जंतू पोषक माध्यमावर वाढवून त्याची परीक्षा पुरी होईपर्यंत बहुधा एक-दोन दिवस जातात, आणि तोवर वैद्याला अनुमानावरच प्रतिजैविक द्यावे लागते. लेझर-वर्णपट व संख्याशास्त्र यांच्या संयोगाने हा विलंब टाळता येईल, असे प्रतिपादन अनेक प्रयोगशाळांतून होत आले आहे. या प्रतिपादनामागील तर्क कितपत भक्कम आहे, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

उदाहरणादाखल डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध घेऊ. काही नॅनोसेकंद टिकणारा लेझरचा स्पंद जंतूंच्या थरावर पडला की तेथील द्रव्याचा क्षणभर प्लाझ्मा होतो, आणि त्यातील अणू व आयन आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. या पद्धतीत रेणू मोडून पडतात. हाती उरते ते केवळ मूलद्रव्यांचे प्रमाण. मूलद्रव्ये तर सर्व जंतूंत जवळजवळ तीच. तेव्हा भेद शोधावयाचा तो कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम इत्यादींच्या कमीअधिक प्रमाणात. ग्रॅम-ऋण जंतूंच्या बाह्य पटलाला कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे आयन स्थैर्य देतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या अपेक्षेला जैविक आधार आहे हे मान्य करावे लागते.

या संशोधकांनी १९ वर्णरेषांच्या तीव्रता मोजून त्यांवर विवेचक फलनाची रीत लावली. स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जंतू त्यांनी तीन निरनिराळ्या माध्यमांवर वाढविला होता. साध्या पोषक अगारवरील व रक्तयुक्त अगारवरील जंतूंचे वर्णपट जवळजवळ सारखे आले. परंतु पित्तलवणयुक्त मॅकॉन्की अगारवर वाढलेल्या त्याच जंतूचे वर्णपट सहज वेगळे पडले. असे असूनही हे तिन्ही गट ई. कोलायच्या दोन वाणांपासून स्पष्टपणे निराळे राहिले. माध्यम मुद्दाम बदलून आपल्याच निष्कर्षाची कसोटी घेणे हा या निबंधाचा मोठा गुण होय. परंतु त्यातूनच एक अवघड प्रश्न उद्भवतो. तीच जात केवळ आहार बदलल्याने निराळी दिसते. मग नव्या, अपरिचित नमुन्यात जो फरक दिसेल तो जातीचा की आहाराचा, हे कशावरून ठरवावयाचे? येथे स्पर्धेत दोनच जाती होत्या. रुग्णालयात तशी सोय नसते.

दुसरा आक्षेप रीतीविषयी आहे. विवेचक फलनाची कल्पना रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली मांडली. आयरिस फुलांच्या तीन जाती, प्रत्येकीची ५० फुले व प्रत्येक फुलाची चार मापे, असे त्यांचे उदाहरण होते. मापे थोडी आणि नमुने पुष्कळ, हे त्यातील बळ. हे प्रमाण उलटले की काय होते? मापे १९ आणि वर्णपट २० असतील, तर त्या वर्णपटांना दोन गटांची नावे चिठ्ठ्या टाकून दिली तरी त्यांना बिनचूक विभागणारे रेषीय फलन सामान्यतः सापडतेच. म्हणून आलेखावर गट सुटे दिसले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. एकाच वसाहतीतून घेतलेले शंभर वर्णपट म्हणजेही शंभर स्वतंत्र साक्षी नव्हेत. ती एकाच साक्षीदाराची शंभर वेळा घेतलेली जबानी होय. परीक्षेचा संवर्ध शिकवणीच्या संवर्धाहून वेगळाच असला पाहिजे.

या दृष्टीने स्टॅनफर्ड येथील संशोधकांचे २०१९ सालचे काम पुढचे पाऊल ठरते. त्यांनी रामन-वर्णपट वापरला. येथे रेणूंच्या कंपनांची माहिती मिळते. यीस्टसह ३० रोगकारक संवर्धांचे प्रत्येकी २,००० वर्णपट घेऊन त्यांनी संगणकीय जाळ्याला शिकविले. संवर्धाची अचूक ओळख सुमारे ८२ टक्के वर्णपटांत पटली. योग्य प्रतिजैविकाचा गट मात्र सुमारे ९७ टक्के वेळा बरोबर आला. ही वाढ उपकरणाच्या सुधारणेमुळे झालेली नाही; प्रश्न बदलल्यामुळे झालेली आहे. वैद्याला नावापेक्षा औषध हवे असते, हे पाहता तो बदल रास्तच आहे. पुढे ५० रुग्णांच्या संवर्धांवर, प्रत्येकी केवळ १० वर्णपट घेऊन, हेच प्रमाण ९९.७ टक्क्यांवर गेले. तथापि हे संवर्धही प्रयोगशाळेत वाढविलेलेच होते. म्हणजे ज्या विलंबापासून आपण सुटका शोधीत आहोत तो अद्यापि पुरता टळलेला नाही.

या सर्व कामांत एक उणीव समान राहते. वर्गवारी करणारे यंत्र समोर आलेल्या प्रत्येक वर्णपटाला ज्ञात नावांपैकी एक नाव देतेच. एकतिसावा जंतू आला तरी त्याला तिसांतलेच नाव मिळेल, आणि ते आत्मविश्वासाने मिळेल. ओळख म्हणजे एवढेच नव्हे. ‘हा माझ्या परिचयाचा नाही’ असे म्हणता येणे हाही ओळखण्याचाच भाग आहे. यासाठी लागणारे साधन जुनेच आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी मानवी शरीरमापांच्या तुलनेतून विकसित केलेले व १९३६ साली सामान्य स्वरूपात मांडलेले सांख्यिकीय अंतर नमुना गटाच्या मध्यापासून किती दूर आहे हे सांगते, आणि ते सांगताना मापांच्या परस्परसंबंधांचाही हिशेब धरते. सर्वच गटांपासून हे अंतर ठरीव मर्यादेपलीकडे असेल, तर उत्तर राखून ठेवावे, हा नियम घालणे कठीण नाही. त्यामुळे यशाची टक्केवारी थोडी उतरेल, हे खरे. पण चुकीच्या नावावर दिलेले औषध रुग्णाला भोवते, राखून ठेवलेल्या उत्तराने फार तर संवर्धाची वाट पाहावी लागते.

सारांश, या विषयावरील कोणताही निबंध हाती घेताना विद्यार्थ्याने टक्केवारीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : परीक्षेचे संवर्ध खरोखर स्वतंत्र होते काय, आणि यंत्राला नकार देण्याची मुभा होती काय. यांची उत्तरे निबंधात नसतील, तर लेखकांनी उत्तम वर्गवारी केली असे म्हणावे. जंतू ओळखला असे म्हणण्याची घाई करू नये.