महिकावतीची बखर आणि वसईकर घराण्यांच्या वंशावळी

वसई प्रांतांतील घराण्यांचे कुलवृत्तांत हल्लीं वरचेवर आमच्या पाहण्यांत येतात. बहुतेकांचा आरंभ एकाच ठिकाणीं होतो : शके १०६० (इ. स. ११३८) त प्रतापबिंब कोंकणांत उतरला, त्याजबरोबर ६६ कुळें आलीं, आणि त्यांत आपला मूळ पुरुष होता. आधारास कै. राजवाडे यांनीं १९२४ सालीं छापलेली महिकावतीची बखर दाखविलेली असते. मूळ पुरुषापासून पणजोबांपर्यंतचीं सातशें वर्षें मात्र कोरीं!

बखरीची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. उत्तर कोंकणच्या समाजस्थितीविषयीं इतकें जुनें मराठी साधन दुसरें विरळा. परंतु ती एकहातीं नाहीं, निरनिराळ्या काळीं रचिलेलीं प्रकरणें तींत एकत्र आलीं आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुना भाग शके १३७० (इ. स. १४४८) चा आहे. म्हणजे बिंबाच्या आगमनानंतर तो ३१० वर्षांनीं लिहिला गेला. शिवाय तो लिहिला गेला तो मालाडच्या नायकोरावाच्या पुढाकारानें, केशवाचार्यांच्या मुखें, कुळांचे वंश व आचार ठरवून देण्याकरितां. अशा लेखावरून १४४८ त लोक स्वतःस कोणाचे वंशज समजत होते हें उत्तम कळतें. ११३८ त कोण आला हें कळत नाहीं. मानपानाचा निवाडा करणाऱ्या कागदास साक्षीदार म्हणून उभें करतांना त्याचा स्वार्थ आधीं तपासावा लागतो. यादींतील कुळाचें नांव आपल्या आडनांवाशीं जुळलें, एवढ्यावरून रक्त जुळत नाहीं.

हीच चूक वसईच्या ख्रिस्ती घराण्यांचे वृत्तांतकार दुसऱ्या वाटेनें करितात. डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली व मे १७३९ त चिमाजी आप्पांनीं ती घेतली. मधल्या दोन शतकांत बाप्तिस्मा घेणारांस पोर्तुगीज आडनांवें मिळालीं, तीं बहुधा धर्मपित्याचीं किंवा पाद्र्याचीं. सख्ख्या भावांचीं आडनांवें वेगळीं पडावीं आणि ज्यांचा कांहीं संबंध नाहीं अशा दोन घरांचें एक व्हावें, हें त्या रीतींतच होतें. असें असतां सिमांव बोतेल्यु याच्या १५५४ च्या तोंबोंत अथवा पुढच्या पट्ट्यांत आपलें आडनांव सांपडतांच तो आपला पूर्वज, असें लिहिणारे आहेत. अशा दप्तरांत गांवाचा धारा व गांव खंडानें धरणारा फिरंगी सरदार यांची नोंद आहे. शेत कसणारा कुळवाडी तेथें येत नाहीं. पूर्वज शोधणारा येथें बहुधा आपल्या पूर्वजाच्या धन्यास वंशावळींत बसवितो! त्यापेक्षां चर्चचीं पुस्तकें पाहावीं. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें धर्मपित्यांचीं नांवें व विवाहाच्या नोंदी पुस्तकांत लिहून ठेवण्याचा नियम केला. वसईपुरतें बोलावयाचें तर आडनांवापेक्षां धर्मपित्याचा रकानाच अधिक बोलका आहे, कारण आडनांव कोठून आलें हें त्यावरूनच उलगडतें.

आमचें म्हणणें असें कीं, या प्रांतांत आडनांवाचा माग सोडून जमिनीचा माग धरावा. माणसाचें नांव धर्मानें, धंद्यानें, शाळामास्तराच्या लेखणीनें बदललें. शेताचें, वाडीचें, तळ्याचें नांव क्वचित् बदललें. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावें : आजच्या सातबारापासून फेरफारांकडे, तेथून गांव नमुना १४ मधील जन्ममृत्यूंच्या नोंदींकडे, मग इंग्रजी मोजणीकडे, आणि शेवटीं पुण्याच्या पेशवे दप्तरांतील प्रांत वसईच्या मोडी कागदांकडे. शेताचें नांव, कसणाराचें नांव आणि बापाचें नांव हीं तीन एका ओळींत मिळालीं म्हणजे पिढी ठरली; न मिळालीं तर तेथें रेघ मारून थांबावें. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या जोडीस घ्याव्या. यात्रेकरूनें तेथें बाप-आजांचीं नांवें सांगितलीं तीं श्राद्धासाठीं, वतनासाठीं नव्हेत. म्हणून त्यांत खोटें बोलण्याचें कारण कमी.

संग्राहकांस एक सूचना. २०२३ सालीं नेमलेल्या शिंदे समितीनें कुणबी नोंदी धुंडाळूं लागल्यापासून मोडी कागदास कचेरींत मोल आलें आहे. कागदास मोल आलें कीं बनावट कागद उपजतो. वतनाच्या कज्ज्यांत तो पूर्वींही उपजे. तेव्हां रुमालांतून एकेक पान सुटें काढून देऊं नये. पान कोणत्या रुमालांतलें, त्याच्या मागेंपुढें काय होतें, हें गेलें म्हणजे खऱ्या पानाचीही साक्ष दुबळी होते.

दुसरें काम याहून तातडीचें आहे. विरारपासून वसईपर्यंत भातशेतांवर व वाड्यांवर इमारती उठल्या. सातबारावर गट क्रमांक राहिला, शेताचें नांव राहिलें नाहीं. तें अद्याप गांवोगांवच्या वृद्धांच्या तोंडीं आहे. प्रत्येक पाड्याचीं शेतें, बांध, तळीं यांचीं नांवें, सांगणाराचें नांव व तारीख घालून, जुन्या मोजणीच्या नकाशावर उतरून घ्यावीं. अशी एकाही गांवाची पुरी यादी कोणीं आम्हांकडे धाडिली, तर ती कुलवृत्तांतांच्या आधीं छापण्याची शिफारस आम्ही करूं.