पडद्यावरील लोकसंस्कृती आणि नोंदीचा प्रश्न : मुंबई दूरदर्शन ते यूट्यूब

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील लोकसंस्कृती आणि दृक्-श्राव्य माध्यमे यांच्या परस्परसंबंधाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून केली जाते. एका टोकाला मुंबई दूरदर्शनच्या आरंभकाळाविषयीचे स्मरणरंजन असते. दुसऱ्या टोकाला आंतरजालाने खेड्यापाड्यांतील कलावंताला मोकळे व्यासपीठ मिळवून दिल्याचा उत्साह असतो. या दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. तथापि दोहोंतही एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहतो. पडद्यावर जे उमटले ते कोणाचे, कोठले आणि कोणत्या प्रसंगाचे, याची नोंद राहते काय? लोककला ही व्यक्ती, स्थळ आणि प्रसंग या तीन आधारांवर उभी असते. हे आधार काढून घेतले की उरतो तो केवळ ताल आणि रंग. म्हणून प्रादेशिक संस्कृतीच्या पडद्यावरील दर्शनाचे मूल्यमापन करताना कार्यक्रमाची लांबी, तांत्रिक सफाई किंवा प्रेक्षकसंख्या यांच्याआधी नोंदीचा निकष लावणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात मुंबई दूरदर्शन केंद्राचे मराठी कार्यक्रम आणि यूट्यूबवरील मराठी लोककलांच्या चित्रफिती यांचा विचार याच निकषावर केला आहे.

मुंबई दूरदर्शनची घडण

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या भारतीय दूरचित्रवाणीचे दुसरे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत वरळी येथे सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. हे केंद्र महाराष्ट्रातील असले तरी केवळ मराठी नव्हते. हिंदी, गुजराती आणि इंग्रजी कार्यक्रमांशी वेळ वाटून घेतच मराठीला तेथे आपली जागा मिळवावी लागली. या मर्यादित वेळेत 'आमची माती आमची माणसं', 'ज्ञानदीप', 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'नाट्यावलोकन', 'किलबिल' यांसारख्या कार्यक्रमांनी शेती, लोकशिक्षण, विनोद, साहित्य, रंगभूमी आणि बालविश्व अशी क्षेत्रे व्यापली. आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप'मधून तर ठिकठिकाणी प्रेक्षकांची ज्ञानदीप मंडळे उभी राहिली. पडद्यावरील कार्यक्रमाने पडद्याबाहेर समूह घडवावा, हे सार्वजनिक दूरचित्रवाणीचे वैशिष्ट्य येथे स्पष्टपणे दिसून येते.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रमास आरंभ झाला. रंगीत प्रक्षेपणाचे कौतुक सर्वत्र झाले; परंतु याच निर्णयाने रात्रीचा मोक्याचा वेळ स्थानिक केंद्रांच्या हातून गेला, याची चर्चा तुलनेने कमी झाली. केंद्राची पोहोच वाढत असतानाच त्याची प्रादेशिकता संध्याकाळच्या काही तासांपुरती उरली. १९९० च्या दशकात उपग्रहावरून मराठी वाहिनी सुरू झाली आणि २००० साली तिला 'सह्याद्री' हे नाव मिळाले. याच सुमारास, १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या खासगी वाहिन्या अवतरल्या. मराठीला पूर्ण वेळ मिळाला खरा. पण तो मिळाला तेव्हा प्रेक्षक विभागला गेला होता.

चौकटीतील लोककला

दूरदर्शनने लोककलांना पडदा दिला, मात्र आपल्या चौकटीत. या चौकटीचा परिणाम समजण्यासाठी गोंधळाचे उदाहरण पुरेसे आहे. घरातील लग्नकार्यानंतर कुलदैवतासाठी घातला जाणारा गोंधळ हा रात्रभर चालणारा विधी आहे. चौक भरणे, घटस्थापना, दिवटी प्रज्वलित करणे, गावोगावच्या देवदेवतांना नाव घेऊन गोंधळाला पाचारण करणे, त्यानंतर आख्यान आणि शेवटी आरती असा त्याचा क्रम असतो. पाचारणात कोणत्या देवता येतात, त्यांचा क्रम कोणता, हे त्या घराच्या कुलाचारावर आणि त्या मुलखावर अवलंबून असते. कलागारात हाच गोंधळ मोजक्या मिनिटांत बसवावा लागतो. संबळाचा ठेका, एखादे गीत आणि दिवटीसह काही पदन्यास एवढ्यात विधीचा 'कार्यक्रम' होतो. ज्या घरासाठी देवता बोलवायच्या ते घरच नसल्याने पाचारणाला अर्थ उरत नाही. खंडोबाच्या जागरणाची किंवा सिंधुदुर्गातील दशावताराची गत याहून वेगळी नाही. जत्रेच्या रात्री देवळासमोर उभ्या राहणाऱ्या दशावतारात संवाद नटांनी आयत्या वेळी रचलेले असतात. घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या ध्वनिचित्रमुद्रणात पहिला बळी जातो तो या उत्स्फूर्ततेचा.

ही टीका रास्त असली तरी तिची दुसरी बाजू ध्यानात घ्यावयास हवी. दूरदर्शनवर येणाऱ्या कलावंताशी करार होत असे, त्याला मानधन मिळे, निवेदक त्याचा परिचय करून देई आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव उमटे. सरकारी कारभाराचा शिस्तीचा हव्यास कलेला काचत होता. परंतु त्याच शिस्तीमुळे कलावंत अनामिक राहत नव्हता. सारांश, दूरदर्शनने कला कापली, पण नाव राखले.

दुर्दैव असे की हे राखलेले नावही पुष्कळदा टिकले नाही. आरंभीच्या काळात चुंबकीय फिती महाग होत्या आणि एका मुद्रणावर दुसरे मुद्रण करून फीत पुन्हा वापरण्याची पद्धत रूढ होती. प्रक्षेपित झालेला कार्यक्रम जतन करण्याजोगा दस्तऐवज आहे, ही जाणीव संस्थेत पुरेशी रुजलेली नव्हती. ज्या माध्यमाकडे नोंद करण्याची साधने होती त्यानेच आपली नोंद पुसावी, हा सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या इतिहासातील मोठा विरोधाभास होय.

आंतरजालावरील मोकळीक

२००५ साली सुरू झालेले यूट्यूब महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात खऱ्या अर्थाने पोहोचले ते २०१६ नंतर, स्वस्त मोबाइल डेटा उपलब्ध झाल्यावर. तेव्हापासून दशावताराचे संपूर्ण नाट्यप्रयोग, रात्रभराची जागरणे, भारुडे, भजनी मंडळांच्या बाऱ्या आणि यात्रेतील तमाशे अखंड स्वरूपात उपलब्ध होऊ लागले. दूरदर्शनच्या चौकटीत जे मावत नव्हते ते येथे सहज मावले. रेंगाळलेली नांदी, नटाची चुकलेली ओळ, प्रेक्षकांतून आलेली दाद, मध्येच आलेला पाऊस या साऱ्यांसह प्रयोग दिसतो. लोककलेच्या अभ्यासकाला ही सामग्री अमूल्य आहे. कलागारातील नेटका गोंधळ पाहून जे कळत नाही ते अंगणातील डळमळत्या चित्रणातून कळते.

कलावंतांच्या व्यवहारातही फरक पडला आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे यात्रांच्या हंगामापूर्वी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तेथे येऊन सुपारी देतात. ही परंपरा प्रत्यक्ष भेटीवर आधारलेली आहे. आता अनेक मंडळे आपली चित्रफीत आणि संपर्क क्रमांक आंतरजालावर ठेवतात. दूरच्या गावातील मंडळी राहुटीपर्यंत न जाताही फडाची कला पाहू शकतात. कलावंताचे नाव येथे येते ते जाहिरातीच्या गरजेतून. तरीही ते येते, ही जमेची बाजू मानली पाहिजे.

परंतु जेथे चित्रण करणारा कलावंताहून वेगळा असतो तेथे चित्र पालटते. अशा चित्रफितींचे शीर्षक पुष्कळदा 'जबरदस्त गोंधळ' किंवा 'आजीचे जुने गाणे' एवढेच असते. पडद्याच्या कोपऱ्यात चित्रण करणाऱ्याचे बोधचिन्ह आणि भ्रमणध्वनी क्रमांक ठळकपणे दिसतो. संबळ वाजविणाऱ्याचे नाव मात्र कोठेही नसते. गाव कोणते, तिथी कोणती, विधी कोणाच्या घरचा, हे सांगितलेले नसते. काही काळाने तीच चित्रफीत तुकडे होऊन दुसऱ्या वाहिन्यांवर फिरू लागते आणि उरलासुरला संदर्भही गळतो. २०२० नंतर लघुचित्रफितींचा प्रसार वाढला तसे हे तुकडे मिनिटाहूनही लहान होत गेले. दूरदर्शनच्या अर्ध्या तासाला जे नावे ठेवत होते त्यांना आता तो अर्धा तास उदार वाटावा, अशी ही स्थिती आहे. आंतरजालाने प्रथम कला अखंड ठेवली पण नाव गाळले. पुढे नावाबरोबर अखंडताही गमावली.

यामागे आर्थिक रचना आहे. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी यूट्यूबने २०१८ मध्ये किमान १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन अशी अट घातली. ही अट वाहिनीसाठी आहे, कलेसाठी नाही. सातत्याने चित्रफिती टाकणारा ती पूर्ण करू शकतो. वर्षातून काही रात्री गोंधळ घालणाऱ्या कलावंताला ती गाठणे अवघड जाते. परिणामी त्याची कला दुसऱ्याच्या वाहिनीचा कच्चा माल ठरते.

बोलीचा प्रश्न

एका बाबतीत मात्र आंतरजालाचे श्रेय निर्विवाद आहे. दूरदर्शनच्या मराठीचा कणा प्रमाणभाषेचा होता. वृत्तनिवेदनातील शुद्ध उच्चारांचा तो आदर्श अनेक पिढ्यांनी गिरवला. बोली आली ती प्रामुख्याने पात्राच्या तोंडी, विनोदासाठी किंवा शेतकऱ्याच्या मुलाखतीत. प्रश्न विचारणाऱ्याची भाषा प्रमाण आणि उत्तर देणाऱ्याची भाषा बोली, अशी ही विभागणी होती. आंतरजालावर ती मोडली. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी या बोली तेथे निवेदनाच्या भाषा झाल्या. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका आजींनी नातवाच्या साहाय्याने चालविलेली 'आपली आजी' ही पाककृतींची वाहिनी २०२० मध्ये लोकप्रिय झाली. तेथे मसाल्यांची नावे, मोजमापे आणि सूचना आजींच्या घरच्या बोलीतच येतात. सांगणारी व्यक्ती, तिचा मुलूख आणि तिची भाषा येथे एकत्र नांदतात. नोंद वेगळी करावी लागत नाही, कारण बोलणारी व्यक्तीच समोर असते. म्हणजेच दोष माध्यमाचा नाही. कलावंत स्वतः बोलतो की त्याला कोणी तरी दाखवतो, यावर बरेच काही अवलंबून आहे.

नोंदीचा आदर्श

नोंद कशी असावी याचे उत्तर महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत गेला. तेथे ओवीच्या शब्दांसोबत गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, व्यवसाय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली आढळते; अनेक ठिकाणी छायाचित्र वा चित्रफीतही जोडलेली असते. हा तपशील वाचला की तीच ओवी वेगळी ऐकू येते. माहेराविषयीची ओवी कोणत्या वयाच्या, कोणते कष्ट करणाऱ्या स्त्रीने म्हटली हे कळल्यावर तिचा अर्थ दाट होतो. येथे नोंद ही कलेची समीक्षाच होऊन जाते.

हा प्रश्न केवळ अभ्यासाच्या सोयीचा नाही; तो हक्काचाही आहे. भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्यातील 'प्रयोगकर्ता' या संज्ञेत गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत कसरती करणारे आणि गारुडी यांचाही समावेश आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याला, काही अपवाद वगळता, आपल्या प्रयोगाशी आपले नाव जोडले जावे असा दावा करण्याचा नैतिक हक्क दिला. कायद्याने नाव दिले आहे. पडद्याने ते अद्याप पुरते दिलेले नाही. यूट्यूबवरील स्वयंचलित दावापद्धतीही ध्वनिमुद्रण ओळखते, परंपरा ओळखत नाही. जुन्या चालीचे व्यापारी मुद्रण करणाऱ्याचे नाव तिला ठाऊक असते. ती चाल ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकली त्यांचे नाव तिला कळण्याचा मार्ग नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मुंबई दूरदर्शनने लोककलेचा प्रसंग व कालावधी संकुचित केला, मात्र कलावंताचे नाव, परिचय आणि मानधन यांची व्यवस्था केली.

२) आंतरजालाने प्रयोगाची अखंडता आणि बोलीची प्रतिष्ठा परत आणली, मात्र जेथे कलावंत स्वतः वाहिनीचा धनी नाही तेथे व्यक्ती, स्थळ आणि प्रसंग यांचा संदर्भ पुसला जाण्याचा धोका वाढला.

३) दोन्ही माध्यमांतील उणीव परस्परपूरक असल्याने एकाच्या गौरवासाठी दुसऱ्याला कमी लेखणे अप्रस्तुत आहे.

प्रसार भारतीने आपल्या संग्रहातील जुने कार्यक्रम यूट्यूबवर खुले केले आहेत आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हे स्वतःचे आंतरजालीय व्यासपीठही सुरू केले. सार्वजनिक दूरचित्रवाणी आणि आंतरजाल आता एकाच पडद्यावर आली आहेत. अशा वेळी सह्याद्री वाहिनीने लोकप्रियतेच्या स्पर्धेत उतरण्यापेक्षा खासगी वाहिन्या व हौशी चित्रणकार जे करत नाहीत ते, म्हणजे नोंद, आपले मुख्य कार्य मानणे उचित ठरेल. महाविद्यालयांतील मराठी विभागांनाही यात वाटा उचलता येईल. परिसरातील यात्रा-जत्रांचे चित्रण करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक चित्रफितीखाली कलावंताचे नाव, गाव, तिथी आणि प्रसंग अशा चार ओळी त्यांच्या संमतीने लिहिल्या तरी पुढील अभ्यासकाचे काम निम्मे होईल. गोंधळी पाचारण करताना एकेका दैवताचे नाव त्याच्या ठाण्यासह घेतो. एकही वगळू नये याची काळजी वाहतो. त्याचे चित्रण करणाऱ्या माध्यमाने त्याच्या नावाबाबत तेवढी काळजी घ्यावी, ही अपेक्षा मोठी नाही.