न लिहिलेले कोणी सांगावे?

टेंपल ग्रँडिन आणि शॉन बॅरन या दोन अमेरिकी स्वमग्न लेखकांचे ‘द अनरिटन रूल्स ऑफ सोशल रिलेशनशिप्स’ हे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले. समाजात वावरण्याचे १० अलिखित नियम त्यात मांडले आहेत; प्रामाणिकपणा वेगळा आणि मुत्सद्देगिरी वेगळी, हा त्यांपैकी एक. ग्रँडिन तर्काच्या वाटेने जातात, बॅरन भावनेच्या. ही दुहेरी वाट आम्हांस पुस्तकाचे खरे बळ वाटते.

तथापि एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. नियम आत्मसात करण्याचा भार येथे बहुतांशी स्वमग्न माणसावरच पडतो. ग्रँडिन यांनी आपल्या उमेदवारीच्या काळातील एक प्रसंग अनेकदा सांगितला आहे. एका वेल्डरच्या कामाला त्यांनी कबुतराच्या विष्ठेची उपमा दिली. त्यांच्या लेखी ते निव्वळ सत्यकथन होते. कारखान्यातील अभियंत्याने त्यांना बोलावून, त्या माणसाची माफी मागा, असे स्पष्ट शब्दांत बजावले. त्यांनी ती मागितली. या शिकण्यात सांगणाऱ्याचा वाटा निम्मा आहे. सूचक मौनाने वा तिरक्या कटाक्षाने हे साधले नसते.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय नोकरीतील आरक्षणात स्वमग्नांचाही समावेश केला. परंतु साहेबांचे ‘बघू या’ म्हणजे नकार, हे त्यांना कोण उलगडून सांगणार? पुस्तक स्वमग्नांनी वाचावेच. त्यांच्या वरिष्ठांनी ते आधी वाचावे, अशी आमची शिफारस आहे.