दुःख, ध्यान आणि आजारी भिक्खू

छत्रपती संभाजीनगरात नागसेनवनाच्या आसपास खोली घेऊन शिकणारा पोरगा एकटेपणानं खचतो, तेव्हा चळवळ त्याला काय देते? एक सांगतो, "इगतपुरीला १० दिवसांच्या विपश्यनेला जा." दुसरा म्हणतो, "डोळे मिटणं आपलं काम नव्हे, मोर्चाला चल." दोघंही बाबासाहेबांचाच आधार घेतात. म्हणून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' पुन्हा उघडावा लागतो.

१९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, मूळ इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यातला सिद्धार्थ म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचं भांडण पेटतं, तो युद्धाला विरोध करतो, म्हणून सोडतो. म्हणजे माणूसच माणसाला दुःख देतो. नुसता श्वास बघून ते हटत नाही. इथं पहिल्याची पंचाईत होते.

पण सम्यक समाधीही बाबासाहेबांनी ठेवलीय, मनाला कुशलाची सवय लावणारी. ते पान दुसरा वाचतच नाही.

आणि दोघंही विसरतात तो हगवणीनं आपल्याच घाणीत पडलेला भिक्खू. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. बुद्धानं त्याला प्रवचन दिलं नाही. पाणी मागवलं, स्वतः ओतलं, आनंदानं अंग धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर निजवलं. मग संघाला बजावलं, इथं तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना बघा.

मित्रहो, ध्यान जरूर करा. मोर्चेही काढा. पण शेजारच्या खोलीचं दार चार दिवस बंद असेल, तर आधी ते वाजवा. संघ म्हणजे दुसरं काय?