हॅम्प्सनचे ‘डेल्टॉइडिनी’ : एका उपकुलाची चिकित्सा

भारतीय पतंगांची ओळख पटवू पाहणाऱ्या अभ्यासकाला आजही सर जॉर्ज हॅम्प्सन यांच्या ग्रंथापासूनच आरंभ करावा लागतो. निलगिरीत चहाचा मळा करीत असता पतंगांच्या नादी लागलेल्या या गृहस्थाने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील पतंगांचे चार खंड १८९२ ते १८९६ या अवधीत पुरे केले. या परिश्रमांविषयी दुमत नाही. तथापि १८९५ च्या तिसऱ्या खंडात ‘डेल्टॉइडिनी’ या नावाखाली त्याने जो समूह बांधला, तो कसोटीस उतरत नाही.

मिटलेल्या पंखांचा आकार ग्रीक डेल्टा अक्षरासारखा दिसतो, एवढीच या नावाची उपपत्ती. परंतु बसण्याची ढब हे आप्तसंबंधाचे प्रमाण नव्हे. लिनीअसने यांतील काही जाती ‘पायरॅलिस’ गटात घातल्या होत्या आणि त्याची खूण ‘-ॲलिस’ या नामान्तात अद्याप टिकून आहे! हॅम्प्सनने त्यांना नॉक्टुइडी कुलात ठेवले. मात्र हायपेना आणि हर्मिनिया यांची गोते एकाच उपकुलात कोंबली. मागच्या पंखातील पाचवी शीर दोहोंतही स्पष्ट असते, त्यामुळे शिरांवर भिस्त ठेवणाऱ्याला हा भेद जाणवू नये, हे ओघानेच आले.

भेद अन्यत्र आहे. हायपेनाचे ओष्ठस्पर्शक चोचीसारखे सरळ पुढे येतात. हर्मिनियाच्या गोतात ते बहुधा विळ्याप्रमाणे वर वळतात. याहून निर्णायक गमक उदराच्या मुळाशी, श्रवणेंद्रियालगत आहे. तेथील टोपीसारखा फुगवटा हर्मिनियाच्या गोतात श्वासरंध्राच्या पुढे असतो, हायपेनात मागे. अळ्यांचा आहारही याच विभागणीस पुष्टी देतो : हायपेनाच्या अळ्या जिवंत पाने खातात, हर्मिनियाच्या गोतातील पुष्कळशा वाळल्या-कुजल्या पाचोळ्यावर वाढतात. झहिरी व सहकाऱ्यांनी २०११ व २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासाने दोन्ही उपकुले एरेबिडी कुलात नेली. त्यात हर्मिनियाचे सान्निध्य हायपेनाशी नसून अॅगॅनायनी व आर्क्टायनी यांच्याशी ठरले.

वर्गीकरण असे सुधारता येते. ओळखीची अडचण अधिक बिकट आहे. हॅम्प्सनच्या विभागणीत नराच्या गाठाळ शृंगकांना आणि पुढच्या पायांवरील केसांच्या झुबक्यांना फार मोठे स्थान आहे. दिव्यावर आलेली, पंख झिजलेली मादी हाती असेल, तर ही कोष्टके अर्ध्या वाटेवरच साथ सोडतात. जननांगांचा उपयोग त्याने केलेलाच नाही. म्हणून सिम्प्लिसिया वा हायड्रिलोडेस यांसारख्या प्रजातींतील मादीला केवळ या खंडाच्या आधारे जातिनाम देणे धाडसाचे होय. उदर पोटॅशमध्ये उकळून जननांगांचे विच्छेदन केल्यावाचून आणि निश्चित नमुन्याशी ते ताडून पाहिल्यावाचून तिच्या चिठ्ठीवर प्रजातीपलीकडे काही लिहू नये.